खंडेनवमीचं गाढव

पनवेलच्या खाडीकाठी कमळाकरशेठचा कारखाना होता आणि कारखान्यात तीन शेड होत्या. एकीत भात सडायच्या गिरण्या बनायच्या, दुसरीत लाँचींचे पंखे आणि त्यांचे दांडे, तिसरीत पाण्याचे पंप. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, धनी एक, काम एक. आतल्याला पक्कं ठाऊक होतं की हे तीन देश आहेत. मधलं अंगण म्हणजे सरहद्द, आणि त्या सरहद्दीवर झोपलेलं लंगडं कुत्रं, तेवढंच काय ते तिघांच्या मालकीचं.

पंपाच्या शेडचा मिस्त्री काशिराम पाटील. गाव जासई, वय चाळिशीपल्याड, पोट मिशीच्या पुढे आणि जीभ पोटाच्याही पुढे. सगळ्या कारखान्यात याच्याइतका खोडसाळ माणूस नव्हता. कुणाच्या चुन्याच्या डबीत पीठ भर, कुणाच्या धोतराचा सोगा बाकाला खिळव, असं केल्याशिवाय याला दुपारचं जेवण पचायचं नाही. आणि जेवायचा कुठे? आपल्या लोखंडी पेटीवर बसून. पेटीला कुलूप, कुलपावर काशिराम. पेटीत त्याचं गुपित. तसं प्रत्येक शेडच्या मिस्त्रीचं एक गुपित असायचं, एक पेटी असायची, आणि तो तिच्यावरच बसून जेवायचा. अंडी उबवणाऱ्या कोंबड्यासुद्धा मधून मधून उठतात. हे उठत नसत.

त्या वर्षी काशिरामच्या हसण्यावर पाणी पडलं होतं, तेही खारं. शेठनी मिठागरांसाठी नवा पंप काढायचं ठरवलं. समुद्राचं पाणी उपसून मिठागराच्या वाफ्यात सोडायचं, एवढंच काम. पंप छान झाला. रंग हिरवा, नळी जाड, आवाज गोड. पण दांडा ज्या पितळी बुशात, म्हणजे पोकळ कड्यात, फिरायचा, तो बुश खाडीची बारीक रेती आणि खारं पाणी मिळून असा खायची, की दोन आठवड्यांत दांडा बुशात मुसळासारखा खडखडायचा आणि पंप पाणी फेकायचं सोडून अंगात आल्यासारखा घुमायचा. काशिरामनं पितळ बदललं, बुश जाड केला, ग्रीस कोंबलं. खाडीनं सगळं खाल्लं आणि वर ढेकर दिली.

आता गंमत बघा. त्याच खाडीत, त्याच रेतीत, त्याच कारखान्याच्या दांड्यांवर लाँची वर्षानुवर्षं फिरत होत्या. त्यांचे बुश कोण खात नव्हतं! लाँचीच्या शेडचा मिस्त्री होता धर्मराज कोळी, उरणकडचा, बारीक, काळा, सुकवलेल्या बोंबलासारखा ताठ. काशिराम सरहद्द ओलांडून त्याच्याकडे गेला.

"धर्मा, तुजं बुश टिकतान कसं रं?"

धर्मराजनं तंबाखू मळायचं थांबवलंही नाही. "चांगलं करतो म्हनून टिकतान."

"चांगलं म्हंजे कसं?"

"बुश असं करायचं, का पानी त्याला खानार नाय."

"ते मना पन ठाव हाय."

"मग इचारतंस कला, कशापायी?" धर्मराज म्हणाला, तंबाखू तोंडात टाकली आणि पेटीवर जरा पसरून बसला, म्हणजे मधे फट राहायला नको.

याच सुमारास शेठ मुंबईला कसलंसं औद्योगिक प्रदर्शन बघून आले आणि येताना एक खूळ घेऊन आले. शेठ मुंबईत शिकलेले, डोक्यानं हुशार, पण ऐकलेलं व्याख्यान त्यांच्या अंगात तापासारखं चढायचं. त्यांनी कचेरीच्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'ज्ञान वाटल्याने वाढते.' खाली काचेचं कपाट आणून ठेवलं. तिन्ही शेडनी आपापल्या युक्त्या, नमुने, साचे त्या कपाटात आणून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्यांना तेच पुन्हा डोकं फोडून शोधायला नको. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली शेठनी खिशात ठेवली, आणि शेठ महिन्यातले निम्मे दिवस मुंबईत. वाटण्याची व्यवस्था अशी चोख झाली.

शिवाय दर शनिवारी सभा. प्रत्येक मिस्त्रीनं उभं राहून त्या आठवड्यात काय शिकलो ते सांगायचं. पहिल्या शनिवारी भाताच्या गिरणीचा मिस्त्री दयाराम उठला. तो काशिरामचा साडू, सख्ख्या मेव्हणीचा नवरा. अंगानं गुळगुळीत, बोलण्यात त्याहून. म्हणाला, "शेठ, मी असं शिकलो, का यंत्राला तेल दिलं का यंत्र चांगलं चालतं."

"वा!" शेठ म्हणाले. "पुढे?"

धर्मराज उठला. "पानी खारट असतं."

"हं. अनुभवाचे बोल आहेत. काशिराम?"

काशिराम गंभीर चेहऱ्यानं उठला. "मी शिकलो, शेठ, का ह्या दोघांनी जे सांगितलं ते खरं हाय."

शेठनी तिन्ही ज्ञानं लिहून घ्यायला लावली. त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्या आनंदाच्या भरातच त्यांनी काशिरामला मागे थांबवलं.

"काशिराम, दसऱ्यानंतर मिठागरवाले मालक जासईला पंप बघायला येतायत. महिनाभर चालवून दाखवायचाय. बुश पुन्हा गेला तर मी पंपाची शेड बंद करतो."

"आनि माजं काय, शेठ?"

"तुला घालवतोय का मी? तुला दयारामच्या हाताखाली घेऊ. शेवटी घरचाच माणूस."

काशिरामला वाटलं, यापेक्षा शेठनी खाडीत ढकललं असतं तर बरं झालं असतं. साडूच्या हाताखाली! ज्या दयारामच्या पानात त्यानं लग्नाच्या पंगतीत जिलबीऐवजी सुतळीचं वेटोळं पाकात बुडवून वाढलं होतं, आणि ज्यानं ते सगळ्या वऱ्हाडादेखत चावलं होतं, त्या दयारामनं आता त्याला 'जरा पाना दे रं' म्हणायचं! बातमी तासाभरात फुटली. संध्याकाळी दयाराम दारातून डोकावला. "साडूभाऊ, आमच्या शेडमदी कोपऱ्यात जागा करून ठेवलीय तुमची. पेटी घेऊन या. तिथं वारा पन लागतो." आणि जाताना तोच जुना सूड, "सुतळी मातर मी आनीन!"

घरी गुणाबाईनं नवऱ्याला भाकरी नुसती चिवडताना बघितलं. सगळं ऐकून तिनं बहिणीची बाजू घेतली नाही आणि नवऱ्याचीही नाही.

"तुमी तिघं सारखंच," ती म्हणाली. "आपलं ते झाकून ठेवायचं आनि दुसऱ्याचं उघडं बघायचं. नवरात्रातल्या बायका बऱ्या. वर्सभर कोन दागिना दावनार नाय, पन देवीपुढं जायचं म्हनलं का पेटीतलं सगलं बाहेर. देवापासून कोन लपवतं?"

काशिरामचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो तोंडात टाकला, आणि त्या रात्री भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. त्या दिवशी हत्यारं धुऊन मांडायची, गंधफूल वाहायचं, आणि एकदा मांडली की हात लावायचा नाही. पण ती पूजा प्रत्येक शेडची निराळी, दार लावून. काशिराम दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. भाताच्या शेडमधल्या एकाचं बोट मागे चेपलं होतं. त्याच्या शेजारी जाऊन काशिराम हळू आवाजात बोलला, "त्या वर्साला एक हत्यार पेटीतच ऱ्हायलं व्हतं म्हनतान. पूजेबिगर. हत्यार रुसतं, बाबा." झालं. संध्याकाळपर्यंत ते हत्यार रुसल्याचं स्वप्न तिघांना पडलं होतं, त्यांतला एक तर कारखान्यातला नव्हताच, चहावाला होता. लाँचीच्या शेडमध्ये कोळी मंडळी समुद्रावर पोट असलेली. ती असल्या गोष्टींना हसत नाहीत.

मग काशिराम शेठकडे गेला, हात जोडून. "शेठ, ज्ञान वाटल्याने वाढतं ना? मग पूजा तीन ठिकानी कला? अंगनात एकच चौथरा करू. सगल्या शेडची सगली हत्यारं एकाच ठिकानी. एक पन पेटी बंद ऱ्हायाला नको."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "काशिराम, तुला खरा अर्थ कळला रे."

नवमीच्या दिवशी अंगणात चौथरा, त्यावर लाल कापड, झेंडूचे ढीग. मिस्त्री लोक आपापल्या पेट्या घेऊन आले, आणि काय सांगू, त्यांचे चेहरे मुलीची पाठवणी असल्यासारखे. पेटी उघडायची तर शेजारचा बघणार. न उघडावी तर हत्यार रुसणार आणि वर्षभरात बोट जाणार. शेठ आणि भटजी समोर उभे. शेवटी दयारामनं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू झेंडूखाली सरकवली. काशिरामनं उदबत्ती नीट करायच्या मिषानं झेंडू जरा बाजूला केला.

आणि उदबत्तीचं जळतं टोकच धरलं.

दोन पट्ट्या कोनात जोडलेल्या, मधून तिसरी पट्टी. गोल दांड्यावर टेकवली की दांड्याचा मध्य चुटकीसरशी सापडतो. ते काशिरामचं गुपित होतं! त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढलेलं, ज्याच्यावर बसून तो इतकी वर्षं जेवला. हीच पट्टी आता त्याच्या कमरेला होती, अजून चौथऱ्यावर ठेवायची राहिलेली. "चोर!" असं त्याच्या ओठावर आलं, तेवढ्यात पलीकडून धर्मराजनं एक फडकं उलगडलं. त्यातही तीच पट्टी. दोन पट्ट्या कोनात, मधून तिसरी. फक्त धर्मराजची जरा गंजलेली.

काशिरामनं निमूट आपली काढून ठेवली. तिन्ही पट्ट्या ओळीनं झाल्या. तिघांनी एकमेकांकडे बघितलं, मग तिघांनी आकाशाकडे बघितलं. तिघांनी आयुष्यातली चांगली वर्षं एकच अक्कल तीनदा काढण्यात आणि तीन पेट्यांत लपवण्यात घालवली होती.

"हे काय, प्रत्येकानं एकेक आणायचं असतं वाटतं?" शेठनी भटजींना विचारलं.

"असतं, असतं," भटजी म्हणाले आणि तिन्हींवर अक्षता टाकल्या.

पण काशिराम ज्याच्यासाठी हे सगळं जुळवून बसला होता, ते अजून यायचं होतं. धर्मराजनं सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, एक गोल जिन्नस पानावर ठेवला आणि त्यावर ओंजळभर फुलं लोटली. बुश! काशिराम नमस्काराला वाकला. इतका वाकला, की लोकांना वाटलं याला यंदा भक्ती जडलीय. फुलांच्या फटीतून त्यानं बघितलं. बुशावर सोनेरी रंग होता, पण कडेला तो उडाला होता, आणि खाली पितळ नव्हतं. लाकूड होतं. काळंभोर, तुळतुळीत, पाणी पिऊन दगड झालेलं लाकूड. हात लावायची सोय नव्हती. आज नवमी. काशिराम आणखी वाकला. बुशाच्या तोंडावर काहीतरी कोरलेलं होतं, त्यावर कुणीतरी श्रद्धेनं कुंकू लावलं होतं. लांब कान. चार पाय. वर उचललेली शेपूट.

"हे रे कसलं चित्र, धर्मराज?" शेठनी वाकून विचारलं.

"नंदी हाय, शेठ," धर्मराज म्हणाला.

तो नंदी नव्हता. ते गाढव होतं, आणि काशिराम त्या गाढवाला ओळखत होता, कारण ते त्यानंच कोरलं होतं.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पितळ मिळायचं नाही. लाँच अडकून पडलेली, ओहोटी संपत आलेली, आणि धर्मराज तेव्हा नवा नवा मिस्त्री, पंपाच्या शेडकडून एक बुश हवा म्हणून दारात तडफडत उभा. काशिरामनं मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या मधला बाभळीचा तुंबा कापला, लेथवर चढवला, तेलात बुडवला, गणपतीच्या मुकुटाला लावायचा सोनेरी रंग वर फासला, आणि बुश काढल्यावर दिसावं म्हणून तोंडावर एक गाढव कोरून, तेलकट फडक्यात गुंडाळून धर्मराजच्या हातात दिला. धर्मराजला तो हलका लागला असणार. पण लढाईत सगळंच हलकं मिळत होतं. चार दिवसांत बुशाचे तुकडे होतील, धर्मराज बोंबलत येईल आणि सगळी खाडी हसेल, असा काशिरामचा बेत. धर्मराज आलाच नाही. काशिरामनं आठवडाभर वाट पाहिली, बार फुसका निघाला म्हणून हळहळला, आणि दुसऱ्या खोडीला लागला. पुढे विसरूनही गेला.

प्रसाद वाटून झाला तेव्हा काशिराम धर्मराजला खाडीच्या कठड्याशी घेऊन गेला. त्याला एवढं हसू येत होतं की पोट धरावं लागलं, आणि एवढी लाज वाटत होती की ते सोडवत नव्हतं.

"नंदी काय रं?"

धर्मराज तंबाखू मळायला लागला. "पयल्यांदा बुश काढलं तवा दिसलं गाढव. तुजीच करनी, लगेच समजलो. तुना मारायला निघालो व्हतो."

"मग?"

"मग बुश नीट बगितलं. झिजलंच नव्हतं! पितळंवाली लाँच दोनदा वर काढली तितक्यात. आता सांग, तुना शिव्या देऊ का पाया पडू? शिव्या दिल्या तर सगली खाडी म्हनल, धर्माला लाकूड कलत नाय. पाया पडलो तर तू जगू दिलं असतंस मना?"

"नसतं दिलं," काशिरामनं खरं ते सांगितलं.

"मग पेटीत टाकलं आनि त्याच्यासारखी करत गेलो. सगल्या लाँचीना बाभलीचीच घातलीन. वरून सोनेरी रंग."

"आनि शेठ देतान ते पितळ?"

धर्मराजनं पलीकडे, कोळीवाड्याच्या दिशेला मान वळवली. तिथल्या देवळात नेमकी तेव्हाच आरतीची घंटा वाजत होती. भरदार आवाजाची मोठी घंटा.

"बरी वाजतं," काशिराम म्हणाला.

"चांगलं पितळ हाय."

दोघांना सगळं कळलं होतं आणि सांगायची सोय कुणालाच नव्हती. काशिरामनं सांगावं, तर गिऱ्हाइकाच्या लाँचीत त्यानं जाणूनबुजून गाडीचं लाकूड घातलं होतं. धर्मराजनं सांगावं, तर देवळातली घंटा खाली उतरवावी लागणार, आणि मग कोळीवाडा त्याला खाडीत उतरवणार.

"सोनेरी रंग थोडा दे," काशिराम शेवटी म्हणाला. "माज्याकडचा संपला."

जासईच्या मिठागरावर पंप महिनाभर चालला. असा चालला, की मिठागरवाले मालक बांधावर उभे राहून एकमेकांना कोपर मारत होते. शेठनी बुश काढून बघितला. सोन्यासारखा चकचकत होता, कारण काशिरामनं आदल्या दिवशी नव्यानं रंगवला होता.

"काशिराम, काय केलंस काय?"

"काय नाय, शेठ. धर्मानं सांगितलं तसं केलं. बुश असं करायचं, का पानी त्याला खानार नाय."

शेठ इतके गहिवरले, की हलकेपणा न जाणवता त्यांनी तो बुश स्वतःच्या हातानं काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली पाटी लावली, 'पंप व लाँच विभागांच्या ज्ञानविनिमयाचे फळ.' कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. कपाटात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

आणि ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून शेठनी भाताच्या शेडला हुकूम सोडला, की खाजणातलं खारं पाणी उपसायचा लहान पंप तुम्ही करा, नवीन काही शोधू नका, कपाटातला बुश बघा आणि तसाच करा. दयारामनं काचेला नाक लावून बुश बघितला. लांबी बघितली, जाडी बघितली, रंग बघितला. रंगावरून तर त्याला सगळंच कळलं. गुपित म्हणजे काय, उंची पितळ! त्यानं शेठकडून मुंबईहून भारीतलं पितळ मागवलं आणि अगदी तसाच बुश केला, केसाचा फरक नाही.

खाडीनं तो चाटूनपुसून खाल्ला. मग दुसरा खाल्ला.

दयाराम काशिरामकडे आला तेव्हा गुळगुळीतपणा उतरला होता. "साडूभाऊ, तुमचं टिकतान आनि माजं कला नाय टिकत?"

काशिराम पेटीवर बसून जेवत होता. त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. शप्पत, अगदी ओठापर्यंत. पण घंटा आठवली, गाढव आठवलं, आणि खरं सांगायचं तर सुतळीही आठवली.

"पानी खारट असतं, दयाराम," तो म्हणाला आणि जरा पसरून बसला.

लहान पंप बंद पडला. शेठनी दयारामला घालवलं नाही. काशिरामच्या हाताखाली दिलं, शेवटी घरचाच माणूस. दयारामनं पेटी आणली, काशिरामच्या पेटीशेजारी ठेवली, आणि गुणाबाईची बहीण महिनाभर गुणाबाईशी बोलली नाही. काशिराम मात्र दिवसातून एकदा तरी कारण नसताना म्हणायचा, "जरा पाना दे रं." दयाराम द्यायचा. हसून द्यायचा, आणि देताना काशिरामच्या नखांतल्या सोनेरी रंगाकडे बघायचा. त्या हसण्याचं काशिरामला कधी कधी वाईट वाटायचं, पण पाना हातात आला की विसरायचा.

भाद्रपद सरत आला तशी एकदा अंगणात शनिवारची सभा भरली. शेठनी विचारलं, "दयाराम, या आठवड्यात काय शिकलास?"

दयाराम उठला, हात जोडले.

"शेठ, मी शिकलो, का देवापासून कोन काय लपवत नाय. खंडेनवमी जवल आलीय. मागच्या वर्साला काशिराममिस्त्रीनं लय चांगलं काम केलं, सगली हत्यारं एका चौथऱ्यावर आनली. यंदा पन तसंच करू. आनि मी काय म्हनतो, कपाटातला तो बुश पन पूजेला ठेवू. पन पूजेची वस्तू आदी धुवायला पायजे. चिंचेनं चांगलं घासायचं, पितळ कसं लखलखतं!"

"वा!" शेठ म्हणाले आणि किल्लीसाठी खिशात हात घातला.

काशिरामनं धर्मराजकडे बघितलं. धर्मराज आकाशाकडे बघत होता. पलीकडे कोळीवाड्यात घंटा वाजली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं वाजली असं दोघांनाही वाटलं.

"चिंच मीच आनतो," दयाराम म्हणाला. "आमच्या दारातच झाड हाय."